गोळी सुरू करताय? आधी कोणती ते विचारा

"सिस्टर, गोळी द्या." उपकेंद्राच्या दारात उभी राहून बाई एवढंच म्हणते. दोन-चार प्रश्न विचारले की मग कळतं, एकीला दोन लेकरांत अंतर ठेवायचं आहे, दुसरीला महालक्ष्म्या बसायच्या म्हणून पाळी पुढे ढकलायची आहे, तिसरी काल रात्रीच्या धास्तीनं आली आहे, आणि चौथीला दिवस गेलेले आहेत. चौघींच्या तोंडी शब्द एकच, गोळी. या चार गोळ्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. एकीची गोळी दुसरीनं खाल्ली तर उपयोग शून्य, कधी कधी जिवावरही बेतू शकतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रावर मी बरीच वर्षं काढली. गोळी सोडून दिलेल्या बायका मला जास्त भेटल्या. बहुतेकींनी ती अर्ध्या पाकिटावर सोडली होती, कारण पहिल्या महिन्यात काय होईल ते कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्यांदा गोळी घेणारीनं कसं चालावं, ते इथे क्रमानं लिहिते.

पहिली पायरी : गोळी ओळखा

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी रोजची गोळी म्हणजे माला-एन. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत दोन हार्मोन असतात, लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेन, ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या सात लालसर गोळ्या लोहाच्या. दोन हार्मोन असल्यामुळे हिला मिश्र गोळी म्हणतात. ती बीजकोषातून बीज बाहेर पडूच देत नाही. मेडिकलमध्ये थोड्या पैशांत मिळणारी माला-डी हीच गोळी आहे, पाकीट तेवढं वेगळं.

दुसरी छाया. ही आठवड्याची गोळी. हिच्यात इस्ट्रोजेन नाही, प्रोजेस्टेरॉनही नाही. सेंटक्रोमन नावाचं औषध आहे, आणि ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं, म्हणजे आपल्याच देशानं शोधलेलं आहे. बाजारात ते 'सहेली' या नावानं १९९१ पासून आहे, सरकारी कार्यक्रमात 'छाया' या नावानं नंतर आलं. ही गोळी बीज थांबवत नाही, गर्भाशयाच्या अस्तरात गर्भ रुजू देत नाही.

तिसरी तातडीची गोळी. सरकारी पुरवठ्यात ईझी पिल, मेडिकलमध्ये आय-पिल. हिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं, माला-एनच्या एका पांढऱ्या गोळीच्या दहापट. संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. मळमळतं, पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर आशाताईकडून निश्चय किट, म्हणजे दिवस गेलेत का ते पाहायचं किट, आणून लघवी तपासायची. ही गोळी घेतली म्हणजे महिनाभराची चिंता मिटली, असं समजणाऱ्या मुली मला दरवर्षी भेटत. झालेल्या संबंधापुरतीच ती, दोन दिवसांनी परत संबंध आला तर तिचा आधार नाही. दिवस गेलेले असतील तर ती गर्भ पाडतही नाही.

पाळी पुढे ढकलायची गोळी, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, ही गर्भनिरोधक नाही. महालक्ष्म्या, नवरात्र, घरचं लग्न, शेगावची वारी, काहीही निघालं की मेडिकलवाल्याकडून तीन-चार दिवसांची पुडी येते. सणाला पाळी आलेली चालत नाही, या समजुतीवर मी इथे वाद घालत बसत नाही. पण त्या गोळ्या चालू असताना दिवस जाऊ शकतात, आणि दर सणाला त्या घेणं बरं नाही. पायात रक्ताची गाठ झालेल्या बाईनं तर त्या घेऊच नयेत.

आणि पाडायची गोळी. ती मेडिकलमधून नवऱ्याच्या हातून आणून घरी खायची गोष्ट नाही. रक्त थांबत नाही म्हणून रात्री गाडी शोधणारी घरं मी पाहिली आहेत, त्यात बाईचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, आधीच सात-आठ ग्रॅमवर असेल तर बोलायलाच नको. ती नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची.

दुसरी पायरी : आपली तब्येत खरीखुरी सांगा

माला-एन मैत्रिणीच्या पाकिटातून उचलून सुरू करू नका. आधी उपकेंद्रात बीपी मोजून घ्या. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर इस्ट्रोजेनची गोळी नको. अर्धं डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचम किंवा आडव्यातिडव्या रेषा येत असतील तरी नको. कावीळ किंवा लिव्हरचा आजार, हृदयाचा आजार, लकवा, पायात किंवा छातीत रक्ताची गाठ, स्तनाचा कॅन्सर, यातलं काही झालेलं असेल तर ते लपवू नका. वय ३५ च्या वर आणि बिडी-सिगारेट ओढत असाल तर मिश्र गोळी बंदच. आपल्याकडे बाया बिडीपेक्षा खर्रा आणि तंबाखूच जास्त खातात. नियम धुराचा असला तरी खर्ऱ्याचंही सांगा, कारण मग आम्ही बीपीकडे जरा जास्त लक्ष ठेवतो.

लेकरू सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल तर माला-एन नको, दूध कमी होतं. अशा आईला छाया चालते, बाळंतपणानंतर लगेचच सुरू करता येते.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, आणि त्यानं मिश्र गोळीचा जोर उतरतो. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. बाईला वाटतं, टीबीची औषधं वेगळी, ही गोळी वेगळी, सांगायचं कशाला! म्हणून डॉट्सचं पाकीट आणि फिटच्या गोळ्यांची पट्टी दोन्ही पिशवीत घालून आणा, तोंडी नाव सांगता आलं नाही तरी काम होतं.

सिकलसेलचं, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजाराचं, जरा थांबून सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आमच्या यवतमाळातही घराघरांत हा आजार आहे. तुमचा तपासणीचा कागद एसएस पॅटर्नचा, म्हणजे प्रत्यक्ष आजाराचा, असेल तर इस्ट्रोजेनची गोळी स्वतःहून सुरू करू नका. या आजारात रक्ताच्या गाठीची भीती आधीच जास्त असते, इस्ट्रोजेन ती वाढवतं. डॉक्टर बहुधा तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन किंवा दुसरं साधन सुचवतात. एएस म्हणजे फक्त वाहक, तिची गोष्ट वेगळी, पण कागद तिनंही दाखवावा. "मले सिकल आहे" एवढं बोलून भागत नाही, पॅटर्न कोणता ते आम्हाला पाहावं लागतं.

तिसरी पायरी : माला-एनचं पहिलं पाकीट

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करा, म्हणजे पहिल्या गोळीपासून आधार मिळतो. त्यानंतर कधीही सुरू केली तर, दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून, पहिले सात दिवस सोबत निरोध वापरा.

पाकिटावर बाण आहेत. त्या बाणांनी रोज एक. पांढऱ्या संपल्या की लाल. लाल संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, पाळी चालू असो, थांबलेली असो वा आलेलीच नसो. पाळी बहुधा लाल गोळ्यांच्या दिवसांतच येते.

वेळ रात्रीची ठेवा. भाकर खाऊन भांडी आवरली की गोळी. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच घर सोडणारी बाई सकाळची गोळी हमखास विसरते, आणि रिकाम्या पोटी घेतली तर शेतात मळमळते. रात्री घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. उपास असला तरी गोळी चुकवायची नाही, पाण्याच्या घोटानं उपास मोडतो असं मी तरी मानत नाही. हरतालिकेला घोटभर पाणीही नको म्हणणारीला मी सांगते, रात्रीची राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडताना घे आणि रात्रीची रात्री घे. चोवीस तासांच्या आतला उशीर चालून जातो.

लाल गोळ्या फेकणाऱ्या पुष्कळ. "त्यात औषध नाही ना, मग कशाला?" असं विचारतात. त्यात लोह आहे, आणि आपल्या बाजूच्या बायकांचं रक्त पाहता ते फेकण्याजोगं नाही. पण मला खरी भीती वेगळी वाटते. लाल गोळ्या टाकल्या की दिवस मोजायला हाताशी काही उरत नाही. सात दिवसांचे नऊ होतात, मग अकरा, आणि बीज नेमकं त्याच फटीत सुटतं. महिनाभर नेमानं गोळी खाऊनही दिवस गेलेल्या बाईला खोदून विचारलं तर गोष्ट बहुतेकदा इथेच सापडते, नवं पाकीट उशिरा सुरू झालेलं असतं.

ठेवायची जागाही आधी ठरवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छताखालची फळी तर हात लावू देत नाही. गोळ्या खाली, सावलीत, डब्यात ठेवा. लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. तेंदूपत्त्याला किंवा वीटभट्टीवर जाताना पुढच्या महिन्यांची पाकिटं सोबत घ्या. आशाताईला आधी सांगितलं तर ती देते.

चौथी पायरी : पहिले तीन महिने काढा

सगळ्यात जास्त बायका इथेच गळतात.

मळमळ, डोकं जड होणं, छाती भरल्यासारखी दुखणं, पाळी नसताना कपड्याला लालसर डाग लागणं. यातलं काहीच झालं नाही अशा बायकाही असतात, पण ज्यांना होतं त्यांचं बहुधा तीन महिन्यांत बसतं. डाग पडले की बाई घाबरते आणि गोळी थांबवते. थांबवली की अंगावरून अजूनच जातं, आणि मग गोळीचं नाव खराब होतं. डाग पडत असतानाही गोळी चालू ठेवायची. त्यात लाजायचं काही नाही, पण पाकीट संपेपर्यंत डाग तसेच राहिले, किंवा जास्त जायला लागलं, तर मात्र येऊन दाखवा.

"गोळी गरम पडते" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. तोंड येणं, हातापायांची आग, पित्त, सगळं त्या एका शब्दात येतं. पाणी कमी पिऊन दिवसभर उन्हात निंदण करणाऱ्या बाईची आग गोळीनं झाली की उन्हानं, हे सांगणं अवघड आहे. मी तिला हसत नाही. रात्री जेवून गोळी घे, पाणी वाढव, पाकीट पूर्ण कर आणि मग बोलू, एवढंच सांगते. वजनाचंही तसंच. थोडं पाणी धरल्यासारखं वाटतं, पण गोळीमुळे अंग सुटल्याचं ठोस काही दिसलेलं नाही. चेहऱ्यावर वांग मात्र काहींना खरंच येतो, आणि उन्हात काम करणारीचा तो लवकर गडद होतो. डोक्यावरचा शेला पुढे ओढून घ्या. तरी वाढला तर गोळी बदलून मागा.

कुणाकुणाचं मन उदास होतं, चिडचिड होते. घरात तिला "नाटकं करते" म्हणतात. दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. मन फारच उतरलं तर सिस्टरला किंवा डॉक्टरला सांगा, दुसरं साधन आहे.

फायदेही सांगायला हवेत, नाहीतर हा लेख वाचून कुणी गोळीला हातच लावणार नाही. अंगावरून जाणं कमी होतं, पाळीत पोट कमी दुखतं, पाळीची तारीख ठरते. रक्त कमी असलेल्या बाईला हा फायदा लहान नाही.

गोळी चुकली तर

एक चुकली तर आठवताच घ्या, मग त्या दिवसाची ठरल्या वेळी, एकाच दिवसात दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या सलग चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्या, पुढे रोजची चालू ठेवा, आणि सात दिवस निरोध. पांढऱ्यातल्या शेवटच्या सातांपैकी चुकल्या असतील तर पांढऱ्या संपवून लाल गोळ्या सोडा आणि थेट नवं पाकीट काढा. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल विचारा. लाल चुकली तर काही बिघडत नाही, दिवस तेवढे मोजा. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या.

नेमानं घेतली तर १०० बायकांत वर्षभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात. विसरत-विसरत घेणाऱ्यांत मात्र सातेक जणींना जातात. बाकी सगळं गणित विसरण्याचं आहे.

छाया : दोन वार ठरवा

रोजची गोळी ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ही सोपी, पण सुरुवातीला वार डोक्यात बसवावे लागतात. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो दिवस बुधवार असेल तर दुसरी शनिवारी, आणि मग तीन महिने दर बुधवार-शनिवार. चौथ्या महिन्यापासून फक्त बुधवार. रविवारी सुरुवात झाली तर रविवार-बुधवार, सोमवारी झाली तर सोमवार-गुरुवार. पट्टीत आठ गोळ्या, म्हणजे आधी पट्टी महिनाभर पुरते, नंतर दोन महिने. माझ्याकडे एक बाई होती, तिचा वार नेमका आठवडी बाजाराचा निघाला. बाजाराची पिशवी उचलली की गोळी. मी तिला बाकीच्यांपुढे दाखला म्हणून उभं करायची, ती लाजायची.

चुकली तर आठवताच घ्या आणि पुढचं वेळापत्रक तसंच ठेवा, पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा, तीन महिने.

हिच्यात मळमळ, उलटी नाही, वांग नाही. एकच मोठा त्रास, पाळी लांबते आणि कमी येते, विशेषतः सुरुवातीचे तीन महिने. आणि तिथेच घोळ होतो. "सिस्टर, दोन महिने झाले, पाळीच नाही आली. सगळी घाण पोटातच साचली असन न?" साचत नाही. अस्तरच कमी तयार होतं, मग बाहेर यायला काही नसतं. पण पाळी १५ दिवसांहून जास्त लांबली तर निश्चय किटनं तपासून घ्या, कारण नेमानं घेऊनही १०० बायकांत एक-दोघींना वर्षभरात दिवस जाऊ शकतात. बीजकोषात गाठींचा त्रास म्हणजे पीसीओएस असेल, नुकतीच कावीळ झाली असेल, किडनीचा आजार किंवा टीबी चालू असेल तर छाया नको.

मेडिकलमधल्या महागड्या गोळ्या

महाग म्हणजे चांगली असं नाही. ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या मिश्र गोळ्या मुरुमांसाठी, अंगात पाणी धरण्याच्या त्रासासाठी डॉक्टर देतात, आणि काहींना त्या खरंच मानवतात. पण रक्ताच्या गाठीचा हिशेब पाहा. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण दोघींना गाठ होते, माला-एनसारख्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीनं पाच ते सात जणींना, आणि या नव्या गोळ्यांनी नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो, म्हणून आकडे पाहून हबकू नका. फक्त मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून पट्टी बदलू नका.

लगेच दवाखाना

एका पायाच्या पोटरीत जोराचा दुखावा आणि सूज, छातीत दुखणं किंवा अचानक दम लागणं, कधी नव्हे असं डोकं फुटणं, अंधारी येणं किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणं, वरच्या पोटात असह्य कळ, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि १०८ ला फोन. दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा "मी गर्भनिरोधक गोळी घेते" हे सांगा. सासू शेजारी उभी असली तरी सांगा. तिच्यासमोर अगदीच जमत नसेल तर लघवी तपासायच्या निमित्तानं बाजूला व्हा आणि नर्सला सांगा. साध्या शंकेसाठी १०४ हा आरोग्य सल्ल्याचा नंबर आहे.

गोळी घ्यायला नवऱ्याची सही लागत नाही. कुणी मागितली तर ती मागणी चुकीची आहे. गोळीनं गुप्तरोग किंवा एचआयव्ही थांबत नाही, त्याला निरोधच लागतो.

थांबायचं झालं तर

नव्या सुनेला सासू म्हणते, "आधी एक पोट्टं होऊ दे, मग घे गोळी. नाहीतर पुढं होत नाही." हे खरं नाही. माला-एन असो की छाया, थांबवली की दिवस जाण्याची ताकद लवकर परत येते, कित्येकींना पुढच्याच महिन्यात जातात. उशीर अंतरा इंजेक्शननंतर लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने, आणि लोक त्याचं खापर गोळीवर फोडतात.

माला-एन मध्येच सोडू नका, पाकीट पूर्ण करून थांबा. लेकरू हवं म्हणून थांबत असाल तर त्याच दिवसापासून फोलिक अॅसिडची गोळी सुरू करा. ती उपकेंद्रातच मिळते.